साखरेच्या मागावर

चिपळूणला आमच्या घरी मला कुणी "चहात साखर किती?" असं विचारत नाही. एक तर मला शुगर आहे. दुसरं म्हणजे, विचारणाऱ्याला चहा पार निवेपर्यंत साखर या शब्दाची जन्मकथा ऐकावी लागते. सूनबाई तर मी तोंड उघडलं की म्हणते, "आई, आज अरबस्तानापर्यंतच थांबा हं, कुकरची शिट्टी व्हायची आहे."

याचं खापर एका पाककृतींच्या पुस्तकावर फोडायला हवं. माझा उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेला. लोकांच्या वेलांट्या आणि काने सरळ करता करता डोळ्यांवर जाड भिंगं आली. निवृत्तीनंतर हौस म्हणून तपासायला घेतलेलं हे पुस्तक होतं गोड पदार्थांचं, आणि पानापानावर साखर. शंभरदा एकच शब्द वाचला की तो अनोळखी वाटायला लागतो. हा कुठला कोण, असं वाटून मी कोश उघडला आणि अडकले. संस्कृतात शर्करा म्हणजे आधी खडे. वाळू, कच, पायाला टोचणारी खडी. उसाचा रस आटवून कुणीतरी पहिल्यांदा त्याचे दाणे पाडले, तेव्हा त्याला ते खड्यांसारखे दिसले असणार. म्हणजे जगातली सगळी गोडी मुळात एका खडबडीत शब्दावर उभी आहे. हे कळल्यावर मी सूनबाईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. तिने नुसतं "बरं" म्हटलं.

त्याच आठवड्यात माझी कॉलेजची मैत्रीण सुशीला हिचा नगरहून फोन आला. शहराचं नाव आता अहिल्यानगर, पण फोनवर आम्ही दोघी अजून नगरच म्हणतो.

"कुंदा, तुझी ती साखर कुठवर आली?" तिने विचारलं. "इकडे ये. आमच्या रोहिणीचा साखरपुडा आहे. म्हणजे, व्हायचा आहे. कसा होणार ते देवालाच ठाऊक."

रोहिणी म्हणजे सुशीलाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी नर्स. भाडेकरू म्हणून आली आणि लेक होऊन बसली. तिचे आईवडील पाथर्डीकडचे, कोरडवाहू भागातले. दिवाळी सरली की ऊसतोडीला बाहेर पडायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचं, असा त्यांचा क्रम. मुलगा भिंगारचा, अमोल नाव, लष्कराच्या एका कचेरीत कारकून. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, घरच्यांनीही मान डोलावलेली. अडलं होतं एवढ्यावरच, की भिंगारकरांना साखरपुडा माघातच, त्यांच्याकडच्या हॉलमध्ये हवा होता, आणि रोहिणीची आई माघात उसाच्या फडावर होती. आई नसेल तर मी पाटावर बसणार नाही, असं रोहिणीने सांगून टाकलं होतं.

मी बॅग भरली.

शिर्डी

रेल्वेने शिर्डीला उतरले. दर्शन झालं, आणि मग मी प्रसादाच्या दुकानांच्या रांगेत जी रमले ती रमलेच. फुलं, हार, पेढे, साखरफुटाणे, आणि परातीत रचलेले खडीसाखरेचे डोंगर. एका दुकानात ठसठशीत कुंकू लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी उगाच घुटमळत उभी राहिले, कारण गिऱ्हाइकं देशभरातून येत होती आणि प्रत्येक जण त्याच परातीकडे बोट दाखवून वेगळा शब्द उच्चारत होता. गुजरातहून आलेलं जोडपं म्हणालं, "साकर." लखनौकडचे एक काका म्हणाले, "मिश्री देना." तमिळ बायकांच्या घोळक्यातली एक म्हणाली, "कल्कंडु." कल् म्हणजे दगड, आणि कंडु म्हणजे आपला खंड. दगडासारखा तुकडा. तिच्या भाषेतही खडाच निघाला म्हणून मी इतकी खूश झाले की तिच्याकडे बघून हसले. तीही बिचारी हसली.

मिश्रीची गंमत अशी की ती मिसरची. मिसर म्हणजे इजिप्त. आणि हिंदीवाले बारीक साखरेला म्हणतात चीनी, म्हणजे चीनची. ऊस आपल्या शेतात, शब्द आपल्या घरात, आणि नावं दोन परक्या देशांची. आपला शब्द मात्र तेवढ्यात जग हिंडून आला. इराणात तो शकर झाला, अरबांकडे सुक्कर. पोर्तुगीजांनी अरबांचं उपपदही सोबत उचललं आणि असूकार म्हणू लागले. जर्मनांचं त्सुकर, इंग्रजांचं शुगर. रशियन लोक तर चक्क साखरच म्हणतात, जवळपास आपल्यासारखीच. आणि चिनी लोक दाणेदार साखर लिहितात तेव्हा त्या शब्दात वाळूचं अक्षर असतं.

यातलं थोडंसं मी दुकानवाल्या बाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मावशी, मला काय भाषा येत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांनी बोट दाखवायचं, मी द्यायचं. पाव किलो करू का?"

"मला शुगर आहे हो."

"मग एवढं उभ्या कशाला राह्यलात उन्हात?" असं म्हणून त्यांनी मला आत स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. आमच्याकडे कोकणात पाहुण्याला पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात. इथे खडीसाखरेच्या डोंगराशेजारी बसून मी नुसतं पाणी प्यायले. ते फार गोड लागलं, हे सांगायला हवं.

सावेडी

शिर्डीहून नगरला एसटीने आले. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर आणि कंडक्टरच्या तोंडी "नगर, नगर, चला नगर." राहुरीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, आणि पुढे उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढत चाललेले ट्रॅक्टर. रस्त्यावर सांडलेली कांडं चाकांखाली चेचली जाऊन वास सुटला होता. आमच्याकडे पावसाळ्यात फणसाचा वास असाच गावभर पसरतो, तसा इथे हा.

सुशीलाचं घर सावेडीत, बंगल्यांच्या रांगेत. तिने हुरडा भाजायला ठेवलाच होता. कोवळ्या ज्वारीचे दाणे, शेंगदाण्याची चटणी, वर दही. कोकणातल्या माणसाला हे प्रकरण नवीन. पहिल्या मुठीला मला काही कळलं नाही. मग मात्र हात थांबेना.

संध्याकाळी रोहिणी कामावरून आली. सडपातळ, सावळी, बोलायला मऊ. माझी चौकशी करून झाल्यावर तिने पर्समधून छोटं यंत्र काढलं. "मावशी, हुरडा किती खाल्लात? बोट द्या. शुगर बघू."

तिने इतकं हलकं टोचलं की मला कळलंही नाही. पट्टीवर रक्ताचा थेंब, पडद्यावर आकडा. शर्करा सातासमुद्रापार गेली, शुगर होऊन परत आली आणि माझ्या रक्तात जाऊन बसली, असं मी म्हणाले तेव्हा रोहिणी खळखळून हसली. "तरी उद्या हुरडा बंद," म्हणाली.

मग तिघी पायरीवर बसलो. मीच विषय काढला. इतका हट्ट का, पोरी? आईला नंतर फोटो दाखवता येतील.

रोहिणी म्हणाली, "मावशी, माझं सगळं चांगलं नेमकं थंडीत झालं. शाळेत बक्षीस मिळालं, थंडीत. नर्सिंगचा शपथविधी, थंडीत. मी गावी आईच्या बहिणीकडे, मावशीकडे वाढले, कारण आईने मला कधी तोडीला नेलं नाही. प्रत्येक वेळी मला मावशीच्या मोबाइलवरून आईला सांगावं लागलं, आज असं झालं म्हणून. ती म्हणायची, लई बेस झालं. मागे मुकादमाचा आवाज. साखरपुडा पण मी तिला फोनवर सांगू?"

"ती एक दिवस येऊ शकत नाही?"

"टोळीत नवराबायकोला मिळून एक कोयता म्हणतात. एक माणूस नसलं की तो कोयता अर्धाच. दोघांत एक तोडतं, एक मोळी बांधतं. ऊस न्यायची गाडी कधी लागेल याचा भरवसा नसतो आणि लागली की भरावीच लागते. आईच म्हणते, तू करून घे. पण म्हणताना तिचा आवाज..." सुशीलाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मला माझी आई आठवली आणि मी चष्मा पुसत बसले.

भिंगार

दुसऱ्या दिवशी सुशीला मला घेऊन भिंगारला गेली, अमोलच्या आईला समजवायला. नगरला चिकटूनच हे छावणीचं गाव. एकीकडे लष्कराच्या झाडाझुडपांतल्या शिस्तीच्या इमारती आणि लगेच पलीकडे जुन्या बाजारातली दाटी. अमोलचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. त्याची आई विमलताई म्हणजे टापटिपीची मूर्ती. दारात रांगोळी, पितळी तांब्याला लखलखाट, आणि बोलणंही तसंच घासूनपुसून.

चहा आला. साखर वेगळी, वाटीत. मी नको म्हटलं तेव्हा विमलताईंनी कारण विचारलं, आणि सुशीलाने कपाळाला हात लावला, कारण आता मी सुरू होणार हे तिला कळलं. पण गंमत झाली. विमलताईंनाच रस वाटला. लहानपणी त्यांच्या वडिलांचं याच बाजारात किराणा दुकान होतं, आणि जवान यायचे गिऱ्हाईक म्हणून.

"पंजाबी जवान खंड मागायचा," त्या म्हणाल्या. "आम्हांला वाटायचं खंडोबाचं काहीतरी असेल. बंगाली आणि नेपाळी म्हणायचे चिनी. वडील म्हणायचे, काही मागू दे, तोंड गोड करायचं सामान दे."

खंड म्हणजे तुकडा, त्याचंच पुढे कंद आणि मग कँडी, असं मी सांगितलं. आमची गट्टी जमली. पण साखरपुडा फडावरच, रोहिणीच्या आईपाशी करू, असं सुशीलाने म्हणताच त्या ताठ झाल्या.

"फडात साखरपुडा? पाचटात? आमचे लोक काय म्हणतील, ताई? एकुलता एक मुलगा आहे. हॉल ठरलाय."

अमोल दाराशी उभा होता. पोरगा लाजाळू, आईपुढे फारसं न बोलणारा. तो म्हणाला, "आई, रोहिणीच्या आईच्या जागी तू असतीस, आणि माझा साखरपुडा तुला फोनवर सांगितला असता तर?"

विमलताई वाटीतल्या साखरेत चमचा फिरवत राहिल्या. कितीतरी वेळ फिरवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "जाऊ. घरची तेवढी माणसं जाऊ. पण सुशीलाताई, मी सांगते, सगळं रीतीनं झालं पाहिजे. आईनं लेकीची ओटी पाहिली पाहिजे, आणि पुड्यात साखरच पाहिजे. हल्ली पेढे घालतात तसलं चालणार नाही मला. उघड्यावर होतंय म्हणून कमी झालं, असं त्या बाईला वाटता कामा नये."

मग रीतीची यादी तोंडी सुरू झाली. साडी, नारळ, हळदकुंकू, गजरे, अंगठी. साखरेवर आल्या तेव्हा त्यांचे डोळे एकदम चमकले. "साखर इथून न्यायची नाही. तिथे कारखान्यावरच घेऊ. तिच्या आईबापानं तोडलेल्या उसाची साखर तिच्या पुड्यात. कसं वाटतं?"

कसं वाटतं म्हणून काय विचारता! मी तर टाळ्या वाजवल्या. शब्दाचं मूळ शोधत आलेल्या बाईला याहून जास्त काय हवं? सुशीलाचे डोळे भरून आले. अमोलचे वडील म्हणाले, "कारखान्याच्या दारात साखरेला काय तोटा?" सगळ्यांना हे इतकं उघड वाटलं की कुणालाही शंका आली नाही.

फडात

जीपमध्ये आम्ही सातआठ जण, मागे डबे, पातेली, सतरंजी. विमलताई आणि अमोलच्या वडिलांच्या मध्ये नारळाची पिशवी. रोहिणी खिडकीशी, हिरव्या साडीत, आणि कालवा लागल्यापासून बाहेर बघणं तिने थांबवलं नव्हतं.

कारखान्याच्या फाटकाशी जीप थांबली. धुराड्यातून धूर, मळीचा उग्र वास, ट्रॅक्टरांची रांग. अमोलचे वडील उतरून पहारेकऱ्याकडे गेले आणि थोड्याच वेळात चेहरा पाडून परत आले. त्यांच्यामागे पहारेकरीही आला, बिचारा ओशाळून.

"साखर हितं मिळत न्हाई ओ बाई," तो विमलताईंना म्हणाला. "पोती शिवून गोदामात जात्यात, आन तिथनं टरकात. आमी बी गावातनंच घेतो."

"चिमूटभर सुद्धा नाही?"

"चिमूट कुठनं काढू? पोतं फोडावं लागंल."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सुशीला म्हणाली, पुढे चला, टोळीत असेल की कुणाकडे. मलाही तेच वाटलं. दिवसभर ऊस तोडणाऱ्यांच्या घरात साखर नसेल, हे मनातच येईना.

फडाच्या कडेला कोप्यांची रांग होती. बांबू आणि उसाच्या वाळक्या पाचटाच्या त्या बसक्या झोपड्या. त्यातल्या एकीसमोरची जमीन सारवून त्यावर ठिपक्यांची रांगोळी काढलेली. तिथे रोहिणीची आई उभी होती. कौसाबाई. काडीसारखी बारीक, धुतलेलं जांभळं लुगडं, डोक्यावरून पदर. शेजारी रोहिणीचे वडील, स्वच्छ टोपी घालून. रोहिणी जीपमधून उतरली ती धावलीच. आईने तिला मिठी मारली नाही. मारता मारता हात मागे घेतले, साडीला लागेल म्हणून. रोहिणीने ते हात ओढून आपल्या गालांना लावले.

"या, बसा. हितं सावलीला बसा," कौसाबाई आम्हांला म्हणाल्या. "आमच्याकं काय न्हाई, पर तुमी आला, लई मोठं केलं." टोळीतल्या बायका जमल्या. कुणी पाण्याची कळशी आणली, कुणी आपल्या अंगावरचीच चादर अंथरली. विमलताईंनी हळदकुंकवाचं तबक मांडलं, साडी ठेवली, नारळ ठेवला. मग कौसाबाईंच्या कानाशी लागून विचारलं, "विहीणबाई, वाटीभर साखर असेल का?"

कौसाबाईंचा चेहरा उतरला. "साखर? आमी गुळाचा च्या करतो. गूळ बी काल सरला. मला वाटलं, पुडा तुमच्याकडनं येतो..."

"येतो. आमच्याकडूनच येतो," विमलताई घाईने म्हणाल्या. "चूक आमची आहे." बायकांनी आपापल्या कोप्या धुंडाळल्या. एकीकडे चहापूड निघाली, एकीकडे मीठ. डब्यात आमचे बुंदीचे लाडू होते. अमोलच्या वडिलांनी ते सुचवून पाहिलं, पण विमलताईंनी मान हलवली. मी तिथे उभी. इराणची शकर, अरबांची सुक्कर, रशियनांची साखर, सगळी माझ्यापाशी होती, आणि उपयोग शून्य. मला माझीच लाज वाटली आणि हसूही आलं.

"मी गावातून घेऊन येतो," अमोल म्हणाला. "जाऊन यायला तासभर लागेल. एवढंच ना?"

आणि तेवढ्यात फडातून भोंगा वाजला. मुकादम बांधावरून ओरडला, "कौसा! भागवत! गाडी लागली!"

ती गाडी दुपारनंतर यायची होती. कौसाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने टोपी काढली, घडी घालून खिशात ठेवली आणि डोक्याला फडकं गुंडाळायला लागला.

"तुमी साखर आना," कौसाबाई विमलताईंना म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता. "आन पोरीला कुकू लावून घ्या. आमी गाडी भरून येतो. ती भरली तरच पुढची लागंल. थांबवता येत न्हाई."

"आई," रोहिणी म्हणाली. एवढंच म्हणाली. मला तिचे सगळे हिवाळे त्या एका शब्दात ऐकू आले.

मुहूर्त दुपारच्या आतला, आणि गाडी भरून होईतो दुपार उलटणार. साखर आणायची तर आई जाणार. आई थांबवायची तर साखर नाही. विमलताई तबकाशी बसलेल्या तशाच राहिल्या. मी त्यांच्याकडे बघत होते. ही बाई रीतीची पक्की, आणि तिनेच तर सांगितलं होतं, काही कमी होता कामा नये. त्यांनी समोर पाहिलं. समोर ऊस उभा होता, पुरुषभर उंच, आभाळाला लागलेला, नजर जाईल तिथवर ऊसच ऊस.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "साखर कशाची होते?"

कौसाबाईंनी वळून उसाकडे पाहिलं.

"एक कांडं तोडून द्या. तेच घालू पुड्यात. तुमच्या हातचं."

टोळीतल्या बायका हसल्या, टाळ्या वाजल्या. कुणीतरी कौसाबाईंच्या हातात कोयता दिला. त्यांनी तो घेतला, उसाजवळ गेल्या, एक चांगला जाड ऊस हाताने धरला. आणि हात तिथेच थांबला. आम्हांला वाटलं, निवडतायत. पण त्या परत वळल्या.

"माज्या हातानं न्हाई व्हायचं," त्या म्हणाल्या.

"का हो?" विमलताईंनी विचारलं.

"मी एवढुशी व्हते, आय मला फडात घेऊन आली. मी रडाय लागले. तिनं एक कांडं सोलून दिलं. लई ग्वाड लागलं. रडायची थांबले." त्यांनी कोयत्याच्या मुठीवर अंगठा फिरवला. "तवापासनं हितंच हाय. म्या ठरवलं हुतं, माज्या पोरीला मी उसाचं कांडं द्यायची न्हाई. ती सुट्टीत भेटाया यायची, मागायची, दुसऱ्या पोरांना बघून रडायची. तरी न्हाई दिलं. कुनाच्या बी हातचं खाऊ दे. माज्या हातचं न्हाई."

रोहिणी आईकडे बघत होती. हे तिला माहीत नव्हतं, हे तिच्या तोंडावरून कळत होतं. तिला इतकी वर्षं वाटत असणार, आई नुसतीच नाही म्हणायची.

गाडीचा भोंगा पुन्हा वाजला.

विमलताई उठल्या. इस्त्रीची साडी, केसांत गजरा, तशाच पाचट तुडवत कौसाबाईंपाशी गेल्या आणि हात पुढे केला. "द्या तो कोयता इकडे."

"आवो, तुमाला न्हाई जमायचं. लागंल."

"लागू दे. ती फडात येत नाहीये, विहीणबाई. माझ्या घरात येतेय. पहिलं कांडं तिला मी देणार."

आणि भिंगारच्या त्या टापटीप बाईने उसावर कोयता चालवला. पहिला घाव सरकला. दुसरा अर्धवट बसला. "बुडातनं, बुडातनं हाना," कौसाबाईंनाच राहवेना. तिसऱ्या घावाला ऊस कलला आणि विमलताई त्याच्यासकट पाचटात बसल्या. टोळी हसली, विमलताई हसल्या, आणि कौसाबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या, ते हसू कधी रडू झालं ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. कोयत्याने साल निघेना, तेव्हा विमलताईंनी सरळ दातांनी साल ओढली. अमोलच्या वडिलांनी साडीच्या खोक्यातला जाड कागद काढून त्याचा पुडा वळला. तुकडे त्यात भरले, वर हळदकुंकू वाहिलं.

रोहिणी सतरंजीवर बसली. विमलताईंनी कुंकू लावलं, ओटीत साडी आणि नारळ घातला, पुडा दिला, आणि त्यातला एक तुकडा तिच्या तोंडात घातला. कौसाबाई समोर होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. लेक चावत होती आणि त्या तिच्या जबड्याकडे बघत होत्या, तान्ह्या पोराचा पहिला घास बघावा तशा.

रोहिणीने पुड्यातला एक तुकडा घेऊन आईच्या ओठांशी धरला. कौसाबाईंनी मान मागे घेतली, मग तोंड उघडलं. "ग्वाड हाय," त्या म्हणाल्या आणि लगेच उठल्या. अमोलने अंगठी घातली, ती त्यांनी उभ्यानेच पाहिली. पदर कमरेला खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली. "तुमी जेवून घ्या आता. उशीर करू नगा. आमचं काय खरं न्हाई."

त्या बांधावरून गेल्या. आम्हांला दिसत होतं. ट्रकला फळी लावलेली, आणि त्या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन एकेक माणूस वर चढत होतं, रिकामं खाली येत होतं. जांभळं लुगडं वर जायचं, खाली यायचं.

सुशीलाने डबे उघडले. बाजरीच्या भाकरी, भरली वांगी, मसालेभात. सकाळपासून सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. तिने ताटांकडे हात नेला तेव्हा विमलताईंनी तिचा हात धरला.

"झाकून ठेवा," त्या म्हणाल्या. "मुलीची आई यायचीय अजून."

जेवण गार झालं. सावली सरकली तशी आम्ही सतरंजी सरकवली. अमोल आपणहून उठून मोळ्या बांधायला गेला आणि त्याला हाकलून लावण्यात आलं. मी एक शब्दही बोलले नाही, हे सूनबाईला सांगूनही पटत नाही.

ट्रक गेला. कौसाबाई घामाने निथळत आल्या आणि मांडलेली, झाकलेली ताटं बघून जागीच थबकल्या. "आवो, तुमी जेवला न्हाई?"

"बसा," विमलताई म्हणाल्या, आणि कौसाबाईंच्या केसांत अडकलेलं पाचट काढून टाकलं. मग पहिलं ताट त्यांना वाढलं.